बाल्कनीच्या दारामागचा दगड

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला एक फुटकी टाइल असते, पालथी ठेवलेली. पाहुण्यांना वाटतं, गरम भांडं ठेवायला असेल. खरं म्हणजे तिच्या खरखरीत पाठीवर मी दगड घासते आणि रेघ कुठल्या रंगाची उमटते ते बघते. उपनगरातल्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी निवृत्त होईपर्यंत सहायक होते. मुलं दर वर्षी बदलायची, कपाटातले दगड तेच राहायचे. तेव्हा दगड ओळखणं ही माझी हौस नव्हे, नोकरी होती. निवृत्तीनंतर ती नोकरी मला कुणी परत द्यावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. ती दिली माझ्या नवऱ्याने.

मुलुंड पूर्वेला आमची तळमजल्याची जागा होती. सासरे विक्रोळीच्या एका कारखान्यात, ओतकाम विभागात मोल्डर होते. म्हणजे रेतीचे साचे करायचे आणि वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं. त्यांनीच ती जागा घेतली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मग आमची इमारतही म्हातारी झाली, सोसायटीने पुनर्विकास ठरवला, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, भाड्याच्या घरात एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर जाऊन पडलो. वारा इतका, की बाल्कनीचं दार दिवसभर आपटायचं. बांधाबांध करताना मी जुन्या बरण्यांची झाकणंसुद्धा कागदात गुंडाळून आणली. एक गोष्ट मात्र कुणालाच आठवली नाही.

ती आठवली पहिल्या अमावास्येला. सासूबाईंनी पान वाढायला सांगितलं, वरण-भात, तूप, लिंबाची फोड, आणि ताट हातात घेऊन त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"वास्तूक पान खंय ठेवूचा?"

जुन्या घरात हा प्रश्न नव्हता. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली, वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुष पुरलेला होता, सगळ्यांच्या घरी पुरतात तसा, लाल कापडात, सप्तधान्यावर पालथा घातलेला. दर अमावास्येला त्या कोपऱ्यात पान ठेवलं जायचं. घर सोडताना तो काढून बरोबर न्यायचा असतो हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही टेम्पोवाल्याशी भांडण्यात गुंतलो होतो. एव्हाना इमारत जमीनदोस्त झाली होती. सासूबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नंतरही धड जेवल्या नाहीत. दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसायच्या, एसटीची वाट बघत बसल्यासारख्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि ब्लाउज मात्र खांद्यावरून घसरायला लागले. विचारलं की एकच उत्तर, "हय जीव लागणा नाय." मी आधी चिडले. मग घाबरले. कारण दिवाळीनंतर जुन्या जागी दोन मजली पार्किंगसाठी खोदकाम सुरू होणार होतं. डंपर ती माती कुठल्या खाडीत नेऊन ओततील याचा पत्ता नाही. वास्तुपुरुष काढायचा असेल तर त्याआधीच काढायला हवा होता.

नवऱ्याने ऑनलाइन धातू शोधायचं यंत्र मागवलं. लांब दांडी, खाली ताटाएवढं चक्र, कानाला हेडफोन. साइटच्या सुपरवायझरला जाऊन भेटला. तो पोरगा बरा होता. म्हणाला, "काका, संडेला या. मशीन बंद असतात. पण हेल्मेट घाला हां, नायतर माझी वाट लागेल."

तर दर रविवारी सकाळी हा पिवळं हेल्मेट घालून, खुरपं आणि बाजाराची पिशवी घेऊन जायचा आणि दुपारी पिशवीभर दगड घेऊन यायचा. कारण यंत्र सगळ्यालाच ओरडायचं. खिळे, सळयांचे तुकडे, पत्र्याचे कपटे यांना तर ओरडायचंच, पण आपल्याकडच्या काळ्या दगडातही लोखंडाचा अंश असतो, त्यालाही ते मधूनच कुरकुरायचं. त्यात आमची जमीन भरावाची. मिठागराच्या बाजूची सखल जागा, ती पूर्वी कारखान्यांच्या राखेने आणि भट्टीतल्या मळीने भरून काढलेली. खोदाल तिथे काहीतरी विचित्र निघायचं.

"हे बघ, हे काय आहे? जड आहे."

"भट्टीत करपलेली वीट."

"आणि हे? काचेसारखं चमकतंय."

"मळी. लोखंड वितळवताना वर येते ती. टाका."

"हे?"

"हे काँक्रीट आहे हो. तुम्ही काँक्रीट उचलून आणलंत."

लिंबू पिळून बघायचं, फसफसलं तर चुन्याचा अंश. फ्रिजवरचं चुंबक लावून बघायचं. पालथ्या टाइलवर घासून रेघ बघायची. तळहातावर तोलून वजनाचा अंदाज घ्यायचा. एवढ्यावर नव्वद टक्के दगड आपलं नाव सांगतात. उरलेले फोडल्यावर सांगतात. सासूबाई दारातून बघायच्या आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, "गावलो?" नाही सापडला अशी मी मान हलवली की आत निघून जायच्या. ते मला सहन व्हायचं नाही, आणि सहन झालं नाही की मी नवऱ्यावर ओरडायची.

त्याला तर एव्हाना नादच लागला होता. दुसऱ्यांच्या साइटबाहेर पडलेले ढिगारेही तो चाळायला लागला. एकदा घाटकोपरहून लिंबाएवढे पांढरे खडे असलेला एक काळा दगड घेऊन आला, सुंदर होता, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत असे स्फटिक सापडतात. तो म्हणाला, "झकास आहे ना?" मी म्हटलं, "वास्तू पुरली मुलुंडला आणि तुम्ही घाटकोपरला काय शोधताय?" त्याने दगड तसाच शोकेसमध्ये नेऊन ठेवला.

दिवाळी जवळ आली तेव्हाची गोष्ट. तो घामाघूम होऊन आला, पिशवीत एकच दगड. बूटसुद्धा न काढता त्याने तो ओट्यावर ठेवला. दोन मुठींएवढा, काळपट तांबडा, खडबडीत, आणि आकाराच्या मानाने भलताच जड.

"यंत्र नुसतं किंचाळत होतं. अगं, उल्का असू शकते यार! वरून पडलेली. मी व्हिडिओ बघितलाय, असंच जड असतं, असेच खड्डे असतात."

"कुठे मिळाला?"

"आपल्या कोपऱ्याजवळच. कंपाउंडच्या भिंतीवरून मापं घेतली होती ना, तिथेच."

"आणि वास्तुपुरुष?"

"तिथे दुसरं काहीच नाही. तांब्याचा कणसुद्धा नाही."

मी चुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. टाइलवर घासला, पिवळट तपकिरी रेघ आली, म्हणजे गंज. सगळ्या अंगाला खडी आणि माती चिकटून दगडासारखी घट्ट झालेली. एका बाजूला बारीक बारीक खड्डे, दुसऱ्या बाजूला एक गुळगुळीत उंचवटा, अंगठ्याच्या टोकाएवढा. मी निकाल दिला. "उल्का-बिल्का काही नाही. ओतकामातलं सांडलेलं लोखंड आहे. वर्षानुवर्षं खाऱ्या ओलीत राहून गंज चढलाय, त्या गंजाने आजूबाजूची माती धरून ठेवलीय. हे खड्डे म्हणजे वायूचे बुडबुडे. तुमच्या वडिलांच्या विक्रोळीच्याच कुठल्या तरी भट्टीतलं असेल, भरावात आलेलं."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू? सासूबाई दारात होत्याच. "गावलो?" "नाही आई." त्या वळल्या. दगड जड होता, म्हणून मी तो उचलून बाल्कनीच्या दारामागे सरकवला. दार आपटायचं थांबलं. त्या महिन्यात तेवढं एकच काम धड झालं.

दिवाळी झाली आणि मशीन लागलं. आम्ही दोघं बघायला गेलो होतो. आमचं स्वयंपाकघर जिथे होतं तिथली माती मशीनने एका घासात उचलली आणि डंपरमध्ये टाकली. नवरा हेल्मेट हातात घेऊन उभा होता. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "आईला आता काय सांगायचं?" आणि मग स्वतःच म्हणाला, "सापडला म्हणून सांगायचं."

पूजेच्या सामानाच्या दुकानात तांब्याचा वास्तुपुरुष मिळतो, बोटाएवढा. त्याने तो आणला. पण कोरा करकरीत, लखलखता. इतकी वर्षं मातीत राहिलेला कसा वाटणार? मग ते काम माझ्यावर आलं. मी मीठ आणि व्हिनेगर लावून तो रात्रभर झाकून ठेवला, सकाळी हिरवा झाला, मग तुळशीच्या कुंडीतली माती चोळली. जन्मभर खरं काय ते ओळखण्याचा पगार घेतला आणि आता खोटं करायला बसले. मला लाज वाटत होती. पण रोज ते सारलेलं ताट बघवत नव्हतं, आणि त्या ताटापुढे माझी लाज मोठी नव्हती.

सासूबाईंचे डोळे अधू झाले होते, त्यामुळे फसतील असं आम्हाला वाटलं. नवऱ्याने वाटीत ठेवून तो त्यांच्या पुढे केला. "आई, बघ, गावलो." त्यांनी हात पुसले, तो उचलला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एकदाच. मग वाटीत परत ठेवला.

"ह्यो आमचो नाय."

"अगं आई, तांब्याचा आहे, कोपऱ्यातच होता..."

"आमचो तांब्याचो नव्हतो."

आम्हाला वाटलं सोन्याचा होता म्हणतायत. नवरा तर लगेच डंपरच्या काळजीने उठूनच उभा राहिला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "लोखंडाचो. तेंनी कारखान्यात सोताच्या हातान वतलेलो."

वास्तुपुरुष लोखंडाचा? पूजेत लोखंड चालत नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तांब्याचा, चांदीचा, सोन्याचा, पण लोखंडाचा कुणी ऐकला आहे? आणि म्हणूनच त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांचं म्हणणं होतं की मी मोल्डर, माझ्या घराची वास्तू सोनार का करील? त्यांनी रेतीत साचा केला, शेवटच्या ओतणीतलं लोखंड त्यात ओतलं, घरी आणून त्याला हळद माखली आणि लाल कापडात गुंडाळूनच भटजींच्या हातात दिला. तांब्याचा आहे म्हणून सांगितलं.

"भटाक कळला असता तर पूजेक बसलो नसतो. माका म्हणाले, कोणाकडे बोलू नको. मी बोलाक नाय." आणि मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना सासऱ्यांच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या मनात आलं, लोखंडामुळे. सासरे आजारी पडले तेव्हा मनात आलं, लोखंडामुळे. दर अमावास्येला पान ठेवताना त्या त्याची समजूत घालायच्या, की बाबा, रागावू नको, ज्याने केलं त्याने मायेने केलं. आणि आता कुणा परक्याला तो सापडेल, लोखंड बघून कुणी हसेल, सासऱ्यांना नावं ठेवील, किंवा तो डंपरमधून खाडीत जाईल, ही भीती. त्यांना वास्तू हवी होती हे खरंच. पण त्याहून जास्त त्यांना तो माणूस चारचौघांत उघडा पडायला नको होता.

"आई, आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" नवरा म्हणाला.

"तू माका कितको मोठो म्हणान इचारलंस. कशाचो म्हणान कोणी इचारलंय?"

मी तेवढ्यात उठले होते. माझे पाय आपोआप बाल्कनीकडे गेले. दारामागचा दगड उचलला आणि उजेडात नेऊन त्याची खड्ड्यांची बाजू बघितली. बुडबुड्याचा खड्डा गोल असतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी सांगायची. हे खड्डे लांबट होते. काही बारीक, दोन्ही टोकांना निमुळते. काही जाड, आणि त्यांच्या मधोमध उभी रेघ. गहू. तो तांदूळ आणि हा गहू. एक हरभरा तर चोचीसकट उमटला होता. धान्य कधीच कुजून गेलं होतं, पण गंजाने त्याचे ठसे धरून ठेवले होते. सप्तधान्यावर पालथा घातलेला होता तो, म्हणून ठसे एकाच बाजूला.

मी ओळखलं होतं त्यात बाकी काही चूक नव्हतं. लोखंडच होतं, ओतकामातलंच होतं, विक्रोळीच्याच भट्टीतलं होतं. एवढं सगळं बरोबर सांगून मी तो दाराला लावला होता. मला स्वतःचा असा संताप आला की मी तो दगड तसाच छातीशी धरून उभी राहिले.

आत जाऊन मी नवऱ्याला हातोडी आणायला सांगितली. वरचं कवच फोडलं की आत मूर्ती दिसेल, मग शंकाच नको. माझी सवयच ती. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "कित्याक फोडतंस?"

"खात्री करायला, आई."

"दी हय."

मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपला, फिरवला, खड्ड्यांची बाजू खाली केली. वरच्या बाजूचा तो गुळगुळीत उंचवटा त्यांच्या बोटांना लागला आणि बोटं थांबली. "साचो करताना रेतीत आंगठो दाबल्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, सही केलंय." रेतीत अंगठा दाबला की खळगा पडतो, त्यात लोखंड भरतं, आणि ओतलेल्या वस्तूवर अंगठा उठून येतो. मी तो उंचवटा पहिल्याच दिवशी बघितला होता. अंगठ्याच्या टोकाएवढा, असं मनात मापही घेतलं होतं.

त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. हातोडी त्याच्या हातातच होती.

"आधी ह्येचा पान वाढ," सासूबाई म्हणाल्या. "मगे माका."

अमावास्या नव्हती, केळीचं पान नव्हतं, आग्नेय कोपऱ्यात घरमालकाचं वॉशिंग मशीन होतं. मी मशीनपुढे पाट मांडला, दगड त्यावर ठेवला, खड्ड्यांची बाजू खाली, आणि स्टीलच्या ताटात वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड वाढली. बाल्कनीचं दार पुन्हा आपटायला लागलं होतं. नवऱ्याने शोकेसमधून आपला घाटकोपरचा दगड काढून त्याला लावला, आणि मीच तो पायाने नीट सरकवून दिला.

मग आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी भात कालवला, घास उचलला आणि तो हातातच राहिला.

"नव्या घरात भट इचारतलो, कशाचो म्हणान."

"विचारू दे," मी म्हटलं. "या घरात दगड ओळखायचं काम माझं आहे. मी सांगेन, तांब्याचा."

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावून संपवला, आणि ताट माझ्या बाजूला सरकवलं.

"भात वाढ गो," त्या म्हणाल्या.